उचललेला उजवा हात

रोलिंग स्टोन्स या इंग्लिश रॉक बँडचे ड्रमवादक चार्ली वॉट्स २४ ऑगस्ट २०२१ रोजी वयाच्या ८० व्या वर्षी लंडनमध्ये गेले. बातमी वाचल्यावर मी त्यांच्या एका जुन्या मैफलीचे चित्रीकरण काढले आणि आवाज बंद करून नुसता त्यांचा उजवा हात पाहत बसलो. रोलिंग स्टोन्सची गाणी वर्षानुवर्षे ऐकूनही त्यांच्या ठेक्यात वेगळे काय आहे हे मला नीट सांगता येत नव्हते. ते त्या हातात होते.

रॉकचा नेहमीचा ठेका चार मात्रांचा. उजव्या हातातली काठी हाय-हॅटच्या झांजांवर सलग चालू असते आणि डावा हात दुसऱ्या व चौथ्या मात्रेला स्नेअर या ड्रमवर पडतो, त्यामुळे त्या मात्रांना दोन्ही आघात एकत्रच ऐकू येतात. वॉट्स नेमके तेव्हाच उजवी काठी झांजेवरून अलगद उचलून घेत. स्नेअर मग एकटाच, कोरडा आणि ठसठशीत वाजे. आवाज बंद असला की हे अधिक चांगले दिसते: मनगट किंचित वर येते, काठी निमिषभर अधांतरी राहते, आणि चेहऱ्यावरची रेषासुद्धा हलत नाही.

पेशाने ते ग्राफिक डिझायनर आणि मनाने जॅझचे. जानेवारी १९६३ मध्ये स्टोन्समध्ये आले, तरी डावी काठी ते जॅझवादकांसारखी, तळहात वरच्या बाजूला ठेवूनच धरत. इतरांचे संच फुगत गेले, तेव्हाही त्यांच्यापुढे ग्रेच कंपनीचे चारच ड्रम असत. (डझनभर ड्रम मांडणाऱ्यांवर माझा राग नाही, फक्त त्यांचा ठेका मला आठवत नाही.)

‘यू कान्ट ऑल्वेज गेट व्हॉट यू वाँट’ या गाण्याची लय त्यांना हवी तशी साधेना, म्हणून ध्वनिमुद्रणात बँडचे रेकॉर्ड-निर्माते जिमी मिलर यांनी ड्रम वाजवले. एवढ्या नावाजलेल्या वादकाने आपली जागा दुसऱ्याला देणे मला त्यांच्या कुठल्याही वादनाइतकेच मोलाचे वाटते.

१९६९ च्या ‘हाँकी टाँक विमेन’च्या आरंभीची काउबेल, म्हणजे काठीने वाजवायची धातूची घंटाही मिलर यांचीच. तिच्यामागून वॉट्स येतात तेव्हा दोघांचा मेळ क्षणभर लटपटतो आणि मग ठेका जमिनीवर घट्ट पाय रोवतो. ती लटपट कोणी दुरुस्त केली नाही, हे फार बरे झाले.