उलट्या, हिरड्या आणि आजोबांची गोळी

"वयच झालंय हो डॉक्टर त्याचं," काकूंनी त्याला टेबलावर ठेवायच्या आधीच सांगून टाकलं. तेरा वर्षांचा लॅब्रॅडॉर, वजन 28 किलो. आदल्या संध्याकाळपासून उलट्या. घटाघटा पाणी प्यायचा आणि दहा मिनिटांत सगळं बाहेर.

मानेवरची कातडी चिमटीत धरली की उभीच राहते, म्हणून घरचे घाबरले होते. पण म्हाताऱ्या कुत्र्याची कातडी एरवीही सैलच असते, तिच्यावर माझा फारसा भरवसा नाही. ओठ वर केला. हिरडीला बोट चिकटलं. दाबून सोडली तर रंग परतायला तीन सेकंद लागले. दोनच्या आत यायला हवा. डोळेही खोल गेलेले. म्हणजे अंगातलं पाणी खरंच कमी झालं होतं.

मुलाने मोबाइलवर उलटीचा फोटो काढला होता, हे फार बरं झालं. त्यात चहाच्या चोथ्यासारखे कण होते, म्हणजे पोटात रक्त. "घरात कुणाला गोळ्या चालू आहेत?" हा प्रश्न मी सगळ्यांनाच विचारतो. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग आजोबा म्हणाले, "लंगडत होता. माझ्यातली दिली. अर्धीच. तीन दिवस."

गोळी डायक्लोफिनॅकची, दुखण्यावरची. पोट आणि किडनी दोन्ही बिघडवणारी. हे औषध दिलेली मेलेली गुरं खाऊन गिधाडं संपत आली आणि 2006 मध्ये भारतात जनावरांसाठी तिच्यावर बंदी आली. माणसांच्या औषधांच्या डब्यात मात्र ती असतेच.

सलाईन लावण्याआधी लघवी घेतली, कारण नंतर ती पातळ होणारच आणि किडनीचं खरं कळत नाही. अंगात पाणी नसूनही लघवी पातळच निघाली, म्हणजे किडनी पाणी राखत नव्हती. रक्तातलं क्रिएटिनीन, म्हणजे किडनीने गाळून टाकायचा कचरा, 3.4, बराच वाढलेला. पाण्याची तूट वजनाच्या 8 टक्के धरली तरी सव्वादोन लिटर, वर रोजची गरज वेगळी. पण स्टेथोस्कोप लावला तर हृदयात मर्मर, म्हणजे ठोक्यांसोबत जादा आवाज. घाईने पाणी भरलं तर ते फुप्फुसात साचतं. म्हणून रिंगर लॅक्टेट हे क्षारांचं सलाईन चोवीस तासांवर पसरून दिलं, तासातासाला श्वास मोजत. सोबत उलटीचं इंजेक्शन आणि पोटातल्या जखमांसाठी औषध. त्या रात्री तोंडाने पाणी नाही. काकूंना ते बघवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी क्रिएटिनीन 1.9 वर आलं. चमचा-चमचा मऊ भात त्याने ठेवून घेतला.

"मग पायाचं काय?" आजोबांनी विचारलं. रास्त प्रश्न होता. वेदनेचं औषध किडनी सावरल्यावर बघू, म्हटलं. तोवर घरातल्या गुळगुळीत फरशीवर सतरंज्या टाका.