खारपाणपट्ट्यातून तळ्यांच्या मुलखात: स्प्लेंडरवर एकट्याने सहा दिवस

मी अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यातला, म्हणजे पक्का खारपाणपट्टा. जमीन काळीभोर, सपाट, आणि बोअरचं पाणी असं खारं की साबणाला फेस येत नाही. अशा माणसाला डोंगर आणि तळी यांचं वेड लागलं तर त्यात नवल काय. दोस्त लोक लडाखचे फोटो टाकतात, पण त्याला मोठी गाडी पाहिजे, पंधरा दिवस पाहिजे, पैसा पाहिजे. माझ्याकडे जुनी स्प्लेंडर आणि कापसाचा दुसरा वेचा घरात आल्यावर तूर सोंगायच्या आधी मिळणारे सात-आठ दिवस. म्हटलं आपल्याच विदर्भात एका टोकाला मेळघाट आहे आणि दुसऱ्या टोकाला भंडारा-गोंदियाची तळी, तेच जोडून येऊ. डिसेंबरचा पहिला आठवडा, सहा दिवस, मीटरवर १०६० किलोमीटर.

आई म्हणे, "एकटाच कायले जातं बाप्पा, रस्त्यानं काही झालं तं कोणाले सांगशीन?" तिचं म्हणणं कुठे खरं ठरलं ते पुढे येईलच.

पहिल्या दिवशी अंजनगाव सुर्जीवरून परतवाडा. इथे टाकी फुल करा आणि नगदी पैसे काढून घ्या, कारण वर गेल्यावर मोबाईलची रेंज येते-जाते आणि रेंज नसली की फोनवरून पैसे देणंही बंद. मी धामणगाव गढीच्या रस्त्याने चिखलदऱ्याला चढलो. चढताना शंभर सीसीला काही त्रास नाही, दुसऱ्या गिअरवर कुरकुर न करता चढते, खरी परीक्षा उतरताना असते. आपल्याकडे पुष्कळ लोक पेट्रोल वाचवायला गाडी बंद करून न्यूट्रलमध्ये घाट उतरतात, हा मूर्खपणा करू नका. ड्रम ब्रेक सतत दाबून धरला की तापतो आणि मग लागतच नाही. ज्या गिअरवर चढलात त्याच गिअरवर उतरा, इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेक फक्त वळणाआधी.

चिखलदरा १११८ मीटर उंचीवर, विदर्भातलं एकुलतं एक थंड हवेचं ठिकाण, आणि डिसेंबरच्या रात्री थंड हवा म्हणजे काय ते नीटच कळतं. भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत टाकला म्हणून कीचकदरा, त्याचं चिखलदरा झालं असं सांगतात. पॉइंट सगळे बघत बसू नका, देवी पॉइंट आणि भीमकुंड पुरे, उरलेला वेळ गाविलगडाला द्या. १५ डिसेंबर १८०३ ला आर्थर वेलस्लीने हा किल्ला नागपूरकर भोसल्यांकडून घेतला, तोच पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा. आत फिरताना मला मात्र किल्ल्यातले तलावच जास्त दिसले. एवढ्या उंच डोंगराच्या डोक्यावर पाणी अडवून ठेवलंय आणि आम्ही खाली खारं पाणी पितो. गड मोठा आहे, तीन तास धरा, बूट घाला, गवतात पायवाट सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी चिखलदऱ्यावरून सेमाडोह आणि तिथून घटांगमार्गे परत परतवाडा. हा या प्रवासातला सगळ्यात सुंदर जंगल रस्ता, सागाची पानं वाळून रस्त्यावर पडलेली, मध्येमध्ये कोरकू आदिवासींची गावं, खाली सिपना नदी. पण हीच पानं वळणावर साबणासारखी सरकतात, आणि सकाळी दव असलं तर जास्तच. मेळघाटात १९७३ पासून वाघ प्रकल्प आहे त्यामुळे उगाच थांबून रस्त्याच्या बाजूला आत जायचं नाही, आणि चार वाजले की बाहेर निघायचं बघा. वाघाचं जाऊ द्या, रात्री रानडुकराचा कळप आडवा आला तर दुचाकीवाल्याचं काही खरं नाही. खवा मात्र घ्या, इथल्या गवळ्यांचा खवा आमच्याकडे सणासुदीला मागवतात.

तिसरा दिवस नुसता अंतर कापण्याचा. मोर्शी, वरूड, काटोल, सावनेर करत रामटेक. संत्र्याच्या बागा दोन्ही बाजूंनी, आंबिया बहाराचा माल निघालेला, रस्त्याच्या कडेला ढीग. ट्रकवाले इथे घाईत असतात, सांभाळा. रामटेकच्या गडावर माकडं पिशवी ओढतात, सामान गाडीवर सोडून जाऊ नका, आणि संध्याकाळ खिंडसीच्या तलावावर घालवा.

रामटेकहून तुमसरच्या रस्त्याला लागलं की मुलूखच बदलतो. कापूस गायब, सगळीकडे धान, म्हणजे भात. बोलीही बदलते. आमच्याकडे "कोठी चालला बे" असं उभं-आडवं विचारतात, इथे "कोनत्या गावचे जी?" प्रत्येक वाक्याला जी. दोन दिवसांत मीपण जी-जी करायला लागलो, घरी आल्यावर बायको हसली.

आणि तळी. इथे तलाव शोधावा लागत नाही, तलाव चुकवून जायचं असेल तर रस्ता शोधावा लागतो. लहान असला तर बोडी म्हणतात, मोठा असला तर तलाव. एका म्हाताऱ्या बाबांना विचारलं हा कोणाचा, तर म्हणाले "मामा तलाव हाये जी". मला वाटलं यांच्या मामाच्या मालकीचा असेल. नंतर कळलं माजी मालगुजारी तलाव, मा-मा. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या लोकांनी माती टाकून पाळी, म्हणजे बांध, घातले आणि ओढे अडवले. पुढे तलाव मालगुजारांकडे, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांकडे आले, १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली पण तळ्यांना चिकटलेलं नाव राहिलं. म्हणजे हे सगळं पाणी देवाने दिलेलं नाही, माणसांनी टोपल्यांनी माती वाहून अडवलेलं आहे. मी चोरखमाऱ्याच्या पाळीवर बराच वेळ बसून राहिलो, काही खास विचार नव्हता डोक्यात, पाणी बघत होतो.

तिरोड्याकडून बोदलकसा आणि चोरखमारा ही दोन्ही तळी एका दिवसात आरामात होतात. नागझिरा बाजूलाच आहे, पण जंगलाच्या आत दुचाकी सोडत नाहीत, त्यामुळे सफारी करायची असेल तर जीपची सोय आधी करून ठेवा, गेटवर जाऊन हुज्जत घालू नका. सारस पक्षी बघायचा असेल तर गोंदियाच्या बाजूला सकाळी लवकर धानाच्या बांध्यांत आणि तळ्यांच्या काठी, महाराष्ट्रात तो मुख्यतः याच भागात उरलाय. मला जोडी दिसली, लांबून. माणसाच्या खांद्याएवढा पक्षी, आणि मी दुर्बीण घरी विसरलेलो.

आता आईचं म्हणणं. कोहमाऱ्यावरून नवेगाव बांधकडे वळलो तेव्हा सहा वाजत आलेले, आणि डिसेंबरात या भागात सहा म्हणजे रात्रच. त्यात लोक डांबरी रस्त्यावरच तणस, म्हणजे धानाचा पेंढा, पसरवतात आणि ट्रॅक्टरला मागचा दिवा नसतो, म्हणून मी हळूच चाललो होतो. एका वळणावर गिअर टाकायला क्लच दाबला तर हातात काहीच नाही, केबल तुटलेली. गावाहून निघण्याआधी मिस्त्रीला विचारलं होतं तर म्हणे नवीनच आहे, कायले बदलतं. ढकलत निघालो. अर्ध्या तासाने मळणी यंत्र दुरुस्त करणारा एक जण भेटला, त्याने लाइटच्या फिटिंगमधला पितळी कनेक्टर काढला, तुटलेल्या तारेच्या टोकाला स्क्रूने आवळला आणि झाली गाडी चालू. पैसे घेतले नाहीत. वर म्हणाला, "आता रातच्याला कुठी जासीन जी, आमच्या गावी आज नाटक हाये."

झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धान-जंगलाच्या भागात, दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि रात्री नाटक असतं, नाटक मंडळ्या वडसा गावातून येतात, हे ऐकून होतो. शेतात मंडप, खाली तणस टाकलेली, आजूबाजूच्या गावांतून बैलगाड्या नाही तर मोटरसायकलींवर आलेली माणसं. दहाला सुरू झालं, मी तीनला झोपलो तेव्हा व्हिलन अजून जिवंत होता. शेजारच्या आजीबाईंनी अर्धी चादर दिली.

ते कनेक्टर नवेगाव, इटियाडोह आणि वडसा असं दोन दिवस टिकलं. तुम्ही मात्र असं करा: निघण्याआधी नवी क्लच केबल विकत घ्या आणि जुन्या केबलच्या बाजूनेच टाकीखालून ओढून टेपने बांधून ठेवा, टोकांना प्लास्टिक गुंडाळा. तुटली की फक्त दोन टोकं बदलायची, पाच मिनिटांचं काम. दीडेकशे रुपयांत होतं.

नवेगावचा तलाव सकाळी बघा. धुकं उचललं की चारी बाजूंचे डोंगर एकेक करून दिसायला लागतात, पाण्यावर स्थलांतरित बदकं. तिथून इटियाडोह धरण, आणि गोठणगावजवळ १९७२ मध्ये वसवलेली तिबेटी वसाहत, नोरग्येलिंग. झेंडे फडफडत होते पण घरं बरीच बंद. हिवाळ्यात मंडळी स्वेटर विकायला गावोगाव जातात, अकोला-अमरावतीला जो तिबेटी स्वेटर बाजार लागतो तशाच बाजारांत. म्हणजे मी त्यांच्या घरी आणि ते कदाचित आमच्याकडे.

खायचं म्हणाल तर रस्त्याकडेला उकडलेले शिंगाडे, ढिवर, म्हणजे मासेमार समाजाच्या, बाया विकतात, एक किलो घेतले तरी दुपारपर्यंत संपतात. सकाळी तर्री पोहे कुठेही. पेट्रोल साधारण १८ लिटर लागलं, राहणं-खाणं धरून सहा हजारांच्या आत झालं.

परतीला नागभीड, भिवापूर, उमरेड, वर्धा. भिवापूरला घरच्यासाठी दोन किलो वाळकी मिरची घेतली आणि गोणपाटात बांधून मागे टाकली. उमरेड येईपर्यंत ठीक, मग मागून वारा सुटला आणि वर्ध्यापर्यंत हेल्मेटच्या आत शिंकत आलो, दोनदा गाडी बाजूला घ्यावी लागली. मिरची घेतलीच तर दुहेरी प्लास्टिकमध्ये बांधा, आणि बांधल्यावर हात धुतल्याशिवाय हेल्मेटचा पट्टा लावू नका.