काउंटर राहू द्या

शुक्रवार, रात्री उशिरा

एकटीने बाहेर जेवायचं असेल तर मला काउंटर लागतो. चौघांच्या टेबलावर एकटी बसले की समोरच्या तीन रिकाम्या खुर्च्या सतत डोळ्यांत खुपतात. वेटर येऊन जास्तीच्या ताटल्या उचलून नेतो, आणि येणारा-जाणारा एकदा तरी वळून बघतोच. काउंटरवर यातलं काही होत नाही. तिथे सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला असतात, त्यामुळे कोण कोणाबरोबर आलंय आणि कोण एकटं, हे कळतही नाही.

आज कामावरून सुटायला फार उशीर झाला. घरी जाऊन काही करून खायची ताकद नव्हती, म्हणून थेट कोपऱ्यावर गेले. ही जागा अर्धी जेवणाची, अर्धी बारची. मधला लांब काउंटर दोन्हीकडून चालतो. एका टोकाला कोणी सूप पीत असतं, दुसऱ्या टोकाला कोणाचा ग्लास भरत असतो. काउंटरमागच्या दादांनी मान हलवून "आलात?" एवढंच विचारलं, पाणी ठेवलं आणि पुन्हा हातातल्या कामाला लागले. इतका उशीर का, चेहरा का उतरलाय, काही नाही. दिवसभर प्रत्येकाला उत्तरं देऊन आलेल्या माणसाला हे केवढं मोठं सुख आहे!

मग मी नुसती त्यांचे हात बघत बसले. बिअर ओतताना ते ग्लास तिरका धरतात, धार आतल्या कडेवरून सोडतात आणि ग्लास भरत आला की हळूहळू सरळ करतात. वर बोटभर फेस उरतो. धान्यातली प्रथिनं आणि हॉप्समधले (बिअरमध्ये घालतात त्या वेलीच्या फुलांमधले) कडू घटक मिळून तो फेस धरून ठेवतात. ग्लासला जरा जरी तेलकटपणा राहिला की तो बघता बघता बसतो. म्हणून बिअरचे ग्लास इथे जेवणाच्या भांड्यांत कधी पडत नाहीत, त्यांचं धुणं वेगळं. कोणी सांगितल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हे लक्षातही येणार नाही, तरी ते रोज तसंच करतात.

माझा ग्लास पुढे सरकवण्याआधी मात्र त्यांनी विचारलं, "आधी काही खायला सांगू का?" हे ते सगळ्यांनाच विचारतात, आणि त्यामागे नुसता धंदा नाही. दारू मुख्यतः लहान आतड्यातून रक्तात जाते. पोटात अन्न असलं की जठर सावकाश रिकामं होतं, म्हणून दारूही सावकाश चढते. रिकाम्या पोटी आलेलं माणूस त्यांना चेहऱ्यावरून ओळखू येतं. जेवण आणि बार एकाच काउंटरवर असण्याचा हा फायदा मला फार मोलाचा वाटतो.

आज प्रथमच नीट पाहिलं की हा काउंटर जेवणाच्या टेबलापेक्षा चांगला उंच आहे. टेबल साधारण 75 सेंटिमीटर असतं, बारचा काउंटर 105च्या आसपास. स्टुलाची बैठकच टेबलाएवढी उंच! त्यामुळे बसलेल्या माणसाची नजर उभ्या माणसाच्या नजरेच्या जवळपास येते. टेबलावर बसलं की वेटरकडे मान वर करून बघावं लागतं, त्यालाही आपल्याकडे वाकून बोलावं लागतं. काउंटरवर दोन माणसं समोरासमोर बोलतात. इथे कोणी चुटकी वाजवून हाक मारल्याचं मला आठवत नाही. मला वाटतं, त्यात या उंचीचाही वाटा असणार.

आवाजाचंही तसंच. आजूबाजूला गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो. फ्रेंच डॉक्टर एत्येन लोंबार यांनी हे 1911 मध्ये मांडलं, म्हणून त्याला त्यांचंच नाव आहे. भरलेल्या खोलीत एक टेबल मोठ्याने बोलायला लागलं की शेजारचं त्याहून मोठ्याने बोलतं, आणि तासाभरात कोणालाच काही ऐकू येत नाही. काउंटरवर शेजारचा माणूस खांद्याला खांदा लावून बसलेला असतो, तोंड कानाच्या जवळ. आज माझ्या शेजारी एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी मीठ मागितलं, मी दिलं, मग गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल थोडं बोलल्या आणि आपल्या जेवणाकडे वळल्या. तेवढंच बोलणं आम्हा दोघींना पुरेसं होतं.

एडवर्ड हॉपर या अमेरिकन चित्रकाराचं 'नाइटहॉक्स' हे 1942 मधलं चित्र आहे. रिकामा रस्ता, काचेआडचा उजेड, काउंटरवर तीन गिऱ्हाइकं आणि आत पांढऱ्या कपड्यांतला एक माणूस. ते शहरातल्या एकटेपणाचं चित्र म्हणून ओळखलं जातं. मला ते तसं कधीच वाटलं नाही. एवढ्या रात्री कोणीतरी दिवा चालू ठेवलाय, आणि आत एक माणूस जागा आहे, हे मला आधी दिसतं. अमेरिकेतल्या असल्या खाणावळींची सुरुवातही रात्रीच्याच माणसांसाठी झाली. 1872 मध्ये प्रॉव्हिडन्स शहरात वॉल्टर स्कॉट नावाच्या माणसाने घोडागाडीतून खाणं विकायला सुरुवात केली, आणि त्याचं गिऱ्हाईक म्हणजे वर्तमानपत्राच्या कचेरीतले रात्रपाळीचे लोक. उशिरा सुटणाऱ्याला गरम काहीतरी मिळावं, ही गरज आजही तितकीच खरी आहे.

हे सगळं आज डोक्यात घोळतंय त्याला कारण आहे. बिल देताना मालक म्हणाले, "पुढच्या महिन्यात काउंटर काढतोय. चार टेबलं जास्तीची बसतील." मला धक्काच बसला. तिथल्या तिथे नीट बोलता आलं नाही, म्हणून म्हणायचं ते इथे लिहून ठेवते.

हिशेबही मालकांना वाटतो तितका सोपा नाही. एका स्टुलाला साधारण 60 सेंटिमीटर जागा पुरते. चौघांच्या टेबलावर माझ्यासारखी एकटी येऊन बसली की तीन खुर्च्या अडतात, आणि आपण टेबल अडवलंय हे जाणवून ती लवकर उठते किंवा पुढच्या वेळी येतच नाही. रात्रपाळीचे, नुकतेच या भागात राहायला आलेले, घरी वाट बघणारं कोणी नसलेले, असे सगळे काउंटरवरच येतात. गर्दीच्या दिवशी टेबलं भरतीलही, पण बाकीचे दिवस ही जागा या लोकांच्या जिवावर चालते. काउंटर गेला की दादा आतल्या खोलीत ग्लास भरणार आणि वेटर ते बाहेर आणणार. मग "आधी काही खायला सांगू का?" हे विचारणार कोण?

सोमवारी सुतार मापं घ्यायला येणार आहे. उद्या दुपारी, गर्दी नसताना, मालकांना गाठून हे सगळं सांगणार आहे. निदान अर्धा तरी काउंटर ठेवा, स्वयंपाकघराच्या बाजूचा, म्हणजे दादा समोर राहतील. शेजारच्या बाईंनाही तोवर गाठायला हवं. त्या माझ्याहून जुन्या गिऱ्हाईक आहेत, त्यांचं मालक ऐकतील.