मावठ्यातला आनंदमेळा

इंदूरच्या आमच्या मराठी शाळेत स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी आनंदमेळा असायचा. त्यात जमलेले पैसे शाळेच्याच कामाला लागत. एका वर्षी पंखे आले, एका वर्षी पाण्याची टाकी. मी सातवीत होते तेव्हा मागच्या तीन खोल्यांच्या छपरासाठी मेळा होता. वर जुने कवेलू (इंदुरात कौलांना आम्ही कवेलूच म्हणतो), त्यामुळे पावसाळ्यात बाकं सरकवत कोरडी जागा शोधायची.

आईकडे गराडूचा, म्हणजे सुरणासारख्या एका कंदाचा, स्टॉल. कच्चा गराडू चिरताना हाताला खाज सुटते, म्हणून सगळ्या काकू तळव्यांना तेल चोळून आमच्या ओट्यावर बसल्या होत्या. फोडी आधी एकदा तळून ठेवायच्या, गिऱ्हाईक आलं की पुन्हा कढईत सोडायच्या. कडा खरपूस झाल्या की वर जिरावण (आमच्याकडचा चटपटीत मसाला) आणि लिंबू. हे दुसरं तळणं आई कुणाच्या हाती देत नसे.

संध्याकाळी इतिहासाचे सर दरवर्षीप्रमाणे बोलायला उभे राहिले. १८१८ चा मंदसौरचा तह, होळकरांची राजधानी महेश्वरहून इंदूरला आली ती गोष्ट. ती आम्हाला पाठ होती, तरी मला दरवेळी आवडायची. ती अर्ध्यावर असतानाच मावठा कोसळला. मांडवाचं कापड पाण्यानं फुगलं आणि थेट साबुदाण्याच्या खिचडीवर बसलं. दिवे गेले. जांभळ्या शिक्क्यांची कुपनं भिजून एकमेकांना चिकटली. खिचडीवाल्या काकू तर रडायलाच लागल्या. पहाटे चारला उठल्या होत्या बिचाऱ्या.

सगळे व्हरांड्यात दाटीवाटीनं उभे. आईनं तिथंच कोपऱ्यात शेगडी पुन्हा पेटवली आणि कंदिलाच्या उजेडात तळायला बसली. कुपन कुणी मागितलं नाही. "आधी गरम खा रे, पैशाचं उद्या बघू," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला मुलांच्या हातात रुमालांच्या गाठी होत्या. कुणाच्या दोन प्लेटचे, कुणाच्या पाचचे. बाई वहीत लिहून घेत होत्या. चार दिवसांनी मुलांना सोडणारे टेम्पोवाले काका घरी आले. "वहिनी, त्या दिवशी आडोशाला उभा होतो, मलाही प्लेट मिळाली होती," म्हणत त्यांनी आईच्या हातावर पैसे ठेवले. आईनं ते घेतले, वहीत त्यांचं नाव घालायला लावलं, आणि चहा केला.

उन्हाळ्यात तिन्ही खोल्यांवर पत्रे चढले. जुलैत शाळा उघडली, त्याच आठवड्यात पाऊस आला. पत्र्यावर तो इतका वाजला की बाईंचा आवाज ऐकू येईना. त्यांनी खडू खाली ठेवला, आणि आम्ही सगळे कोरड्या बाकांवर बसून वर बघत राहिलो.