जनरलसाहेबांचं सेलवरचं घड्याळ

फ्रान्सचे जनरल चार्ल्स द गॉल म्हटलं की आपल्याकडे लोकांना त्यांची उंची आठवते, १.९६ मीटर, आणि तितकीच उंच असलेली त्यांची अकड. घड्याळांच्या नादी लागलेल्या माणसांना आणखी एक गोष्ट आठवते. त्यांच्याकडे लिप या फ्रेंच कंपनीचं 'इलेक्ट्रॉनिक' घड्याळ होतं. चावी नाही, ऑटोमॅटिक नाही; आत चक्क सेल. आज रस्त्यावरच्या शंभर रुपयांच्या घड्याळातही सेल असतो, त्यामुळे यात कौतुक काय ते पटकन कळत नाही. पण हे घड्याळ बाजारात आलं १९५८च्या डिसेंबरात, आणि त्याच डिसेंबरात द गॉल राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. तोवर जगात सेलवरचं मनगटी घड्याळ विकणारी दुसरी एकच नाव घेण्याजोगी कंपनी होती, अमेरिकेची हॅमिल्टन.

मला जनरलसाहेबांपेक्षा त्या घड्याळाच्या आतल्या एका बारीकशा कॉन्टॅक्टमध्ये, म्हणजे विजेचा जोड जिथे लागतो आणि सुटतो त्या टोकात, जास्त रस आहे. त्याला कारण माझी नोकरी. टेलिफोन खात्यात मी लागलो तेव्हा आमचं एक्स्चेंज स्ट्रोजर, म्हणजे यंत्राने फोन जोडणारं जुन्या पद्धतीचं, होतं. आत हजारो रिले, म्हणजे विजेने उघडझाप करणारे स्विच, आणि प्रत्येक रिलेला चांदीसारखे चकचकीत कॉन्टॅक्ट, जे काही दिवसांनी काळे पडायचे. रात्रपाळीला आमचं मुख्य काम तेच. बर्निशर, म्हणजे कॉन्टॅक्ट घासायची बारीक पट्टी, घ्यायचा, काळे पडलेले कॉन्टॅक्ट शोधायचे, हलक्या हाताने घासायचे. एक कॉन्टॅक्ट बिघडला की कुठल्या तरी गल्लीतला एक फोन मुका व्हायचा आणि सकाळी तक्रारींची वही भरायची. घड्याळं दुरुस्त करायचा छंद नंतर लागला, पण डोळा त्या कॉन्टॅक्टवरच तयार झालेला.

पुतणी लिऑनला असते. तिथल्या जुन्या बाजारात तिला लिपचं 'इलेक्ट्रॉनिक' मिळालं. द गॉल यांच्या काळातलं जे पहिलं मशीन होतं, आर-२७, त्याच्या पुढचं, आर-१४८. बंद होतं. तिथल्या एका दुकानदाराने उघडून न बघताच "आता याचं काही होत नाही" म्हणून परत दिलं. मग तिचा फोन.

"काका, याच्यात तुमचं एक्स्चेंज आहे म्हणे?"

"कोण म्हणालं?"

"तुम्हीच म्हणाला होतात मागच्या गणपतीत. आणू का?"

म्हणालो, आण. एवढंच आण, चीज नको.

मागचं झाकण काढलं की आधी दिसतो बॅलन्स, म्हणजे वेळ मोजणारं झुलतं चाक. चावीच्या घड्याळात असतो तसाच, केसासारख्या बारीक हेअरस्प्रिंगसकट, मागेपुढे झुलणारा. इथे नवखा माणूस फसतो. सेलचं घड्याळ म्हणजे क्वार्ट्झ, स्फटिकाच्या कंपनांवर चालणारं, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की बॅलन्स बघून त्याला वाटतं, कुणीतरी जुनं चावीचं मशीन आत कोंबलंय. तसं नाही. १९५८ साली मनगटी घड्याळात क्वार्ट्झ बसवणं कुणालाच जमलं नव्हतं. सेकोचं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ टोकियोत विकायला आलं ते १९६९च्या नाताळात, किंमत साडेचार लाख येन. त्याआधीची दहा-बारा वर्षं ही मधल्या जातीच्या घड्याळांची. वेळ मोजायचं काम जुन्या बॅलन्सकडेच, फक्त त्याला झोका द्यायला स्प्रिंगऐवजी वीज.

आणि त्यामुळे आतला सगळा कारभार उलटा होतो. चावीच्या घड्याळात जोर स्प्रिंगकडून निघतो, चाकाचाकांतून येत शेवटी बॅलन्सला पोचतो. लिपमध्ये जोर आधी बॅलन्सलाच मिळतो आणि मग तो बॅलन्स चाकं ढकलत ढकलत काटे फिरवतो. झोका घेणारं पोर पायाने पिठाची चक्की फिरवतंय असं समजा. शेजारी दोन कॉइल, म्हणजे बारीक तारेची वेटोळी, बसवलेल्या असतात. बॅलन्स ठरावीक जागी आला की त्याच्या आसापाशी असलेला कॉन्टॅक्ट एका बारीक तारेला शिवतो, सर्किट पुरं होतं, कॉइलमध्ये चुंबकत्व येतं, बॅलन्सवरचं लोखंड खेचलं जातं, आणि लगेच तार सुटते. परत झोका, परत स्पर्श. दिवसाकाठी असे स्पर्श लाखांनी होतात.

आता कॉइलचा एक वाईट स्वभाव असतो, तो टेलिफोनवाल्याला वेगळा सांगावा लागत नाही. कॉइलमधून चाललेला करंट अचानक तोडला की ती तो तुटू द्यायला तयार नसते. सेल दीड व्होल्टाचा असला तरी सुटताना त्या फटीत कितीतरी जास्त दाब तयार होतो आणि ठिणगी उडते. डोळ्याला दिसणार नाही एवढी, पण उडते. प्रत्येक ठिणगी धातूचा कण उचलते. आमच्या एक्स्चेंजमध्ये यासाठी रिलेला कंडेन्सर आणि रेझिस्टन्स जोडलेले असायचे, त्याला आम्ही स्पार्क क्वेंच म्हणायचो. लिपच्या माणसांनी तिथे डायोड घातला, करंट एकाच दिशेने जाऊ देणारा सेमीकंडक्टरचा तुकडा. कॉइलला उसळी मारायची असली तर डायोडमधून गोल फिरून जिरू दे, कॉन्टॅक्टवर नको. बस, या एका डायोडच्या जोरावर डायलवर 'इलेक्ट्रॉनिक' असं छापलं. जाहिरातवाल्यांनी थोडी हवा भरलीच आहे, पण सेमीकंडक्टर नावाची वस्तू त्या काळी लोकांच्या मनगटावर आणून ठेवणं ही चेष्टा नव्हती.

भिंग लावून मी ती तार बघितली. टोकाला जिथे स्पर्श होतो तिथे तिळाच्याही शंभराव्या हिश्श्याएवढा काळा डाग, मध्ये खळगा, खळग्याच्या कडेला बारीकसा उंचवटा. रिलेच्या कॉन्टॅक्टवर अगदी हेच असायचं, एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेंगूळ. बाकी मशीन स्वच्छ होतं, तेल सुकलं होतं एवढंच. इथे बर्निशर चालत नाही, तार लगेच वाकेल. लाकडी काडी तासून टोकदार केली, स्पिरिटात बुडवली आणि त्या डागावरून फिरवत राहिलो, मधेमधे भिंगातून बघत. मग चाकं धुऊन तेल दिलं, नवा सेल घातला. बॅलन्सला ब्रशने किंचित धक्का दिला तर गडी लागला झुलायला.

हॅमिल्टनची कथा वेगळी आहे. त्यांनी ३ जानेवारी १९५७ला न्यूयॉर्कमध्ये पत्रकारांना बोलावून आपलं 'इलेक्ट्रिक' दाखवलं आणि लिपला मागे टाकलं. त्यांच्या ५०० नंबरच्या मशीनमध्ये कॉइल खुद्द बॅलन्सवर बसवलेली, चुंबकं बाहेर. म्हणजे झुलणाऱ्या चाकापर्यंत वीज पोचवायची! कॉन्टॅक्टच्या तारा इतक्या नाजूक की दुकानदार हात लावायला घाबरायचे. घाईघाईत बाजारात आणलेलं मशीन होतं ते, आणि चार वर्षांत त्यांना ५०५ हे सुधारलेलं मशीन काढावं लागलं. कॉइल जागच्या जागी ठेवायची लिपची कल्पना मला जास्त शहाणपणाची वाटते. पण लोकांच्या लक्षात हॅमिल्टन राहिलं, कारण रिचर्ड आर्बिबने त्यांच्या व्हेंचुराला दिलेला तो तिरपा ढालीसारखा आकार. लिपचं घड्याळ दिसायला साधं गोल. काय करणार.

खरं सांगायचं तर दोघांनाही १९६०च्या ऑक्टोबरात मात दिली बुलोव्हाच्या अ‍ॅक्युट्रॉनने. माक्स हेट्झेल या स्विस इंजिनिअरने बॅलन्सच काढून टाकला आणि ट्यूनिंग फोर्क, म्हणजे कंप पावणारा धातूचा चिमटा, घातला, सेकंदाला ३६० कंपनं. कॉन्टॅक्ट नाही, त्याच्या जागी वीज चालू-बंद करायला ट्रान्झिस्टर. म्हणजे माझा सगळा विषयच संपला. घड्याळ कानाशी धरलं की टिकटिक नाही, गुणगुण ऐकू येते. महिन्याला एखाद्या मिनिटाचा फरक, असा त्यांचा दावा होता. अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन परदेशी पाहुण्यांना सरकारी भेट म्हणून हेच घड्याळ द्यायचे. तेव्हा राष्ट्रप्रमुख आणि विजेचं घड्याळ ही जोडी काही द गॉल यांच्यापुरती नाही. आपला देश पुढे आहे हे सांगायला विमानवाहू जहाजापेक्षा हे स्वस्त पडतं.

द गॉल यांना तर हे घड्याळ शोभतच होतं. फ्रान्सने कुणाच्या दारात उभं राहू नये हा त्यांचा ध्यास. १९६०च्या फेब्रुवारीत सहारात स्वतःचा अणुस्फोट, कॅरव्हेल जेट विमान, १९६६मध्ये नाटोच्या लष्करी कमांडमधून बाहेर. अशा माणसाच्या हातावर स्विस घड्याळ कसं असेल? लिप फ्रान्समधल्या बेझाँसों गावची, १८६७पासूनची, म्हणजे लेखक व्हिक्टर ह्युगोच्या जन्मगावची. गंमत एवढीच की १९ मार्च १९५२ला या घड्याळाची पहिली घोषणा झाली तेव्हा लिपबरोबर अमेरिकेची एल्जिन कंपनी भागीदार होती. पॅरिसच्या विज्ञान अकादमीत आणि तिकडे अमेरिकेत एकाच दिवशी नमुने दाखवले गेले. पुढे एल्जिनचं विजेचं घड्याळ थोडंफार विकलं जाऊन गुंडाळलं गेलं आणि लिपचं चाललं. जनरलसाहेबांना यातला पहिला भाग कुणी सांगितला असेल असं वाटत नाही.

पुतणीने मला विचारलं, मग एवढी हुशार कंपनी बुडाली कशी. ती फ्रान्समध्ये राहते, तरी तिला माहीत नव्हतं, आणि मी युनियनचा माणूस, मला तोंडपाठ. फ्रेड लिप हा मालक कल्पक आणि तितकाच विक्षिप्त. १९६७मध्ये स्विस एबोश कंपनीने तिसरा हिस्सा घेतला, काही वर्षांत फ्रेड लिपला जावं लागलं. जून १९७३मध्ये कामगारांनी व्यवस्थापकांना अडवून ठेवलं, तेव्हा त्यांच्या कागदपत्रांत ४८० जणांना काढायची योजना सापडली. कामगारांनी रातोरात हजारो घड्याळं उचलली आणि गावात जागोजागी लपवून ठेवली, ओलीस म्हणून! आणि १८ जूनला ठरवलं की कारखाना आपणच चालवायचा. हीच ती तारीख, ज्या दिवशी १९४०मध्ये द गॉल यांनी लंडनहून रेडिओवर लढा चालू ठेवायची हाक दिली होती. फाटकावर फलक लागला: शक्य आहे, आम्ही बनवतो, आम्ही विकतो, आमचा पगार आम्हीच घेतो. शार्ल पियाजे हा त्यांचा पुढारी. २९ सप्टेंबरला भर पावसात लाखभर माणसं बेझाँसोंच्या रस्त्यावर उतरली. जनरलसाहेब तोवर जाऊन तीन वर्षं होत आली होती, नाहीतर त्यांचं काय मत झालं असतं याची मला चांगलीच कल्पना आहे.

त्या मुलखाचा आपल्याशी धागा आहे तो टायटनमुळे. ऐंशीच्या दशकात होसूरला कारखाना उभा राहिला तेव्हा क्वार्ट्झ मशीनचं तंत्रज्ञान फ्रान्स एबोश या कंपनीकडून घेतलेलं होतं, आणि तीही त्याच बाजूची. तेव्हा आपल्या लग्नाबिग्नात मिळालेल्या जुन्या टायटनला तिकडचं थोडं पाणी लागलेलं आहे.

लिप नाव आज परत चालतं. 'जनरल द गॉल' नावाचं मॉडेल विकतात, चर्चिलच्या नावाचंही विकतात. पण आत आता नेहमीचं क्वार्ट्झ किंवा ऑटोमॅटिक मशीन. बॅलन्स, कॉइल आणि कॉन्टॅक्टवालं हवं असेल तर जुनंच शोधायला लागतं. कुणी शोधत असेल तर सांगून ठेवतो: विकणारा "फक्त सेल बदलावा लागेल" म्हणाला तर सेल बदलून दाखव म्हणावं. सेलच्या जागी हिरवट थर असेल तर सोडून द्या, गळलेला सेल कॉइलपर्यंत पोचला असला तर तेवढ्या बारीक तारेची कॉइल गुंडाळून देणारा माणूस मला तरी ठाऊक नाही. आणि आर-२७ घेणार असाल तर त्याला सेल दोन लागतात.

पुतणीचं घड्याळ सध्या दिवसाला मिनिटभर पुढे जातंय. ती म्हणते चालेल, तिकडे ट्रेन पकडायला बरं. मला नाही चालत. पुढच्या रविवारी परत उघडणार आहे.