आमची वाटचाल : राखेच्या विटा आणि सरकारी कामं

आमचं युनिट चंद्रपूरजवळ आहे, वीज केंद्राच्या चिमण्या आमच्या गेटातून दिसतात. 2012 मध्ये मी आणि दादाने सुरू केलं, एक पॅन मिक्सर, एक हायड्रॉलिक प्रेस आणि गावातलीच आठ-दहा माणसं. राखेला इथे काय तोटा, आज 2920 मेगावॅटचं केंद्र आहे आणि आपल्या कोळशात तीस-चाळीस टक्के राखच असते, ती नाल्यात जाण्यापेक्षा भिंतीत गेलेली बरी एवढा साधा विचार होता.

माल चांगला निघाला पण गिऱ्हाईक येईना. लाल वीटच पक्की हे लोकांच्या डोक्यात बसलेलं, त्यात राखेचं घर म्हटलं की म्हातारी माणसं नाक मुरडायची. आम्हाला वाटलं सरकारी कामं तरी मिळतील कारण कायदा आमच्याच बाजूने होता, केंद्राच्या 1999 च्या अधिसूचनेत औष्णिक केंद्राच्या 50 किलोमीटरच्या आत राखेचा माल वापरायला सांगितलं होतं, 2003 ला त्याचे 100 झाले आणि पुढे 2016 ला 300, म्हणजे नागपूर, अमरावती, यवतमाळ, गडचिरोली सगळं आलं. पण साईटवर वीट घेतो कंत्राटदार आणि तो बघतो अंदाजपत्रकात काय लिहिलंय ते. आयटममध्ये भाजलेल्या विटांचं बांधकाम असं असलं की तो आमची गाडी उतरवूनच घेत नाही, कारण एमबीत, म्हणजे कामाच्या मोजमाप वहीत, लिहिताना वेगळी वीट दिसली तर त्याचं बिल अडकणार, आणि त्याचं तरी काय चुकलं.

मग दादाने कंत्राटदारांमागे फिरणं सोडलं आणि जिथे एस्टिमेट बनतं तिथे जायला लागला, पंचायत समिती, बांधकाम उपविभाग, सोबत आयएस 12894 या राखेच्या विटांच्या भारतीय मानकाप्रमाणे टेस्ट केलेले रिपोर्ट. एका शाखा अभियंता साहेबांनी रिपोर्ट बाजूला ठेवून सांगितलं, दोन विटा आणि एक बादली आणा. त्यांनी नखाने कड ओरखडून बघितली, वीट कमरेच्या उंचीवरून जमिनीवर सोडली, ती फुटली नाही, मग आमची एक आणि बाजारातली लाल एक अशा दोन्ही वजन करून रात्रभर पाण्यात ठेवल्या. सकाळी परत वजन केलं तर आमची साधारण तेरा टक्के पाणी प्यायलेली, लाल वीट त्याच्यापेक्षा बरीच जास्त, आणि कमी पाणी पिणारी वीट चांगली. पुढच्या एका अंगणवाडीच्या अंदाजपत्रकात त्यांनी फ्लाय ॲश, म्हणजे राखेच्या, विटांचा आयटम घातला, आणि आमचा धंदा खरा तिथून सुरू झाला असं मी मानतो.

त्या अंगणवाडीवरच्या गवंड्यांनीच पुढची गिऱ्हाईकं आणली. वीट साच्यातली, सगळ्या बाजू सरळ, त्यामुळे विटा जोडायचा मसाला कमी लागतो आणि प्लास्टर पातळ बसतं हे त्यांना हाताने कळलं, घरकुलवाले तेव्हापासून यायला लागले, कोणी हजार नेतो कोणी दोन हजार, हप्ता मिळेल तसा.

लोक विचारतात, लघु उद्योगाची उद्यम नोंदणी आहे तर फायदा होत असेल ना. केंद्राच्या खरेदी धोरणात लघु उद्योगांकडून 25 टक्के घ्यायचं आहे, ईएमडी म्हणजे निविदेची अनामत रक्कम माफ आहे, पण ते वस्तू आणि सेवांना, बांधकामाच्या कंत्राटाला ते लागू नाही. आणि आमची वीट सरकारी भिंतीत जाते ती कंत्राटदाराच्या मार्फत, म्हणून पैसेही त्याचं रनिंग बिल, म्हणजे झालेल्या कामाचं टप्प्याटप्प्याचं बिल, निघालं की मगच.

आता 31 डिसेंबर 2021 च्या अधिसूचनेबद्दल मला मनापासून सांगायचंय. 300 किलोमीटरच्या आत सरकारी, निमसरकारी, खासगी सगळ्यांनी राखेच्या विटा वापराव्यात हे तिच्यात आहे, पण किंमत पर्यायी मालापेक्षा जास्त नसेल तर. आणि ही किंमत लावतात हजारी विटेवर. शेतातली वरची काळी माती उचलून भट्टीत घालणाऱ्याला त्या मातीची खरी किंमत मोजावी लागत नाही, आम्हाला मात्र सिमेंट, क्रशर डस्ट म्हणजे दगडाची भुकटी, राख आणायचं भाडं आणि विटांवर मारायचं क्युरिंगचं पाणी, सगळ्याचे पैसे पडतात. दर हजार विटेचा न धरता चौरस मीटर तयार भिंतीचा धरा, मसाला आणि प्लास्टरसकट, मग बघा आम्ही कुठे बसतो. हेच गणित आम्ही आता एका कागदावर मांडून प्रत्येक उपविभागात देतोय, सध्या दोन शाळाखोल्यांची अंदाजपत्रकं बनतायत आणि दादा आज तिकडेच गेलाय.