जांभळ्या शाईचा एक

18 जुलै 2022, सोमवार. राष्ट्रपतिपदाचे मतदान सकाळी 10 ते संध्याकाळी 5. दिल्लीत संसद भवनातली 63 क्रमांकाची खोली आणि राज्यांतली व केंद्रशासित प्रदेशांतली 30 ठिकाणे, अशी देशभरात 31 केंद्रे. महाराष्ट्राचे केंद्र मुंबईत, विधान भवनात. माझ्याकडे पेनांचे टेबल होते.

ऐकायला हे काम किरकोळ वाटते. मतदाराचे स्वतःचे पेन काढून घ्यायचे, मतपत्रिकेबरोबर निवडणूक आयोगाने पाठवलेले जांभळ्या शाईचे पेन हातात द्यायचे, मतदान झाले की ते परत घेऊन त्याचे पेन त्याला परत करायचे. पण या निवडणुकीत मत बाद होण्याचा एक सरळ रस्ता याच टेबलावरून जातो. दुसऱ्या पेनाने, दुसऱ्या शाईने केलेली खूण बाद धरली जाते. कारण साधे आहे. पत्रिकेवर ना नाव असते ना सही, पण एकाच मतदाराची शाई वेगळी निघाली तर पेटीतल्या सगळ्या पत्रिकांमध्ये त्याची पत्रिका ओळखू येते. कोणाचे मत कोणाला गेले हे ज्या खुणेवरून कळू शकते, ती खूण मताला मारते. 2016 साली हरियाणातल्या राज्यसभा निवडणुकीत चुकीच्या पेनामुळे मते बाद झाली, मोठा वाद झाला, आणि त्यानंतर आयोगाने स्वतःचे पेन द्यायला सुरुवात केली.

त्या दिवशी खरी अडचण वेगळीच होती. आमच्याकडे येणारे आमदार मतदानाला नवखे नव्हते, उलट फार सरावलेले होते. 10 जूनला त्यांनी राज्यसभेसाठी मत दिले होते, 20 जूनला विधान परिषदेसाठी, आणि आता हे तिसरे. पाच-सहा आठवड्यांत तीन निवडणुका. तिन्हींत पसंतीक्रम, तिन्हींत तेच जांभळे पेन, इमारतही तीच. नियम मात्र तिन्हींचे सारखे नाहीत. राज्यसभेला पक्षाच्या आमदाराने आपली पत्रिका पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवायची असते, न दाखवता पेटीत टाकली तर मत जाते. 10 जूनला पत्रिका दाखवण्याच्या पद्धतीवरूनच तक्रारी दिल्लीपर्यंत गेल्या, मोजणी मध्यरात्रीपलीकडे लांबली आणि महाराष्ट्रातले एक मत आयोगाने बाद ठरवले. राष्ट्रपतिपदाला याच्या अगदी उलट आहे. मत गुप्त. कोणालाही दाखवायचे नाही, पक्षाने पक्षादेश काढायचा नाही. एक सवय पक्की झाली की ती दुसऱ्या ठिकाणी आडवी येते.

अकराच्या सुमारास एक सदस्य पत्रिका घेऊन कंपार्टमेंटकडे निघाले आणि अर्ध्यात वळून मोठ्याने विचारते झाले, "सही कुठे करायची?"

खोलीत क्षणभर कोणी बोलेना. प्रश्न अगदी नैसर्गिक होता. आमदार दिवसभर सह्याच करत असतो. शिफारसपत्रावर, निवेदनावर, हजेरीपटावर. कागद समोर आला की हात आपोआप खालच्या उजव्या कोपऱ्याकडे जातो. पण या पत्रिकेवर सही केली की मत संपले. केंद्रातले अधिकारी जागेवरूनच म्हणाले, "साहेब, सही नाही, नाव नाही, शेरा नाही. फक्त आकडा." पत्रिकेकडे त्यांनी मुद्दाम पाहिलेही नाही. सांगायचे ते पद्धतीविषयी, नावाविषयी एक अक्षर नाही, आणि मतदाराच्या हातात पत्रिका उघडी असताना तिच्याजवळ जायचेही नाही. हे भान सुटले तर मदत आणि दबाव यांतली रेघ पुसली जाते.

पत्रिकेवर दोनच रकाने असतात. एकात उमेदवारांची नावे, दुसऱ्यात पसंतीचा क्रम. पक्षाचे चिन्ह नाही, 'यांपैकी कोणीही नाही' हा नोटाचा पर्यायही नाही. खासदारांची पत्रिका हिरवी, आमदारांची गुलाबी. रंगाचे कारण मोजणीच्या टेबलावर कळते, कारण दोन्ही मतांची किंमत वेगळी आहे. आगाऊ परवानगी घेऊन एखादा खासदार राज्याच्या राजधानीत मतदान करू शकतो, तेव्हा गुलाबी पत्रिकांमध्ये हिरवी सहज वेगळी काढता यावी लागते.

आपल्या पसंतीच्या नावासमोर 1 लिहायचा. 1, I किंवा १, भारतीय भाषांच्या लिपीतले अंकही चालतात. अक्षरांत 'एक' किंवा 'पहिली पसंती' लिहिले तर मत बाद. बरोबरची खूण केली तर बाद, फुली केली तर बाद. दोन नावांसमोर 1 लिहिला तर बाद. एकाच नावासमोर 1 आणि 2 दोन्ही लिहिले तरी बाद. 1 लिहायचा राहिला आणि नुसता 2 लिहिला, तेही बाद, कारण पहिली पसंती सक्तीची आहे. दुसरी मात्र ऐच्छिक.

दुसऱ्या पसंतीची भीती मला त्या दिवशी पुन्हा पुन्हा ऐकू आली. एका ताईंनी पेन घेताना विचारले, "दोन लिहिला तर माझ्या एकाला धक्का लागतो का?" नाही लागत, आणि हे प्रत्येक मतदाराला ठाऊक असायला हवे. तुमचा पहिला उमेदवार स्पर्धेतून बाहेर काढला जात नाही, तोवर तुमच्या 2 कडे कोणी पाहतही नाही. 2022 मध्ये उमेदवार दोनच होते, त्यामुळे 2 ला काही कामच नव्हते.

काम पडले ते 1969 साली. आजवर तेवढ्याच वेळी. रिंगणात 15 उमेदवार होते. वैध मतांचे एकूण मूल्य 8,36,337, म्हणजे जिंकायला निम्म्याहून जास्त, 4,18,169 हवे. यालाच कोटा म्हणतात. व्ही. व्ही. गिरी यांना पहिल्या पसंतीची 4,01,515, नीलम संजीव रेड्डी यांना 3,13,548 आणि आपल्या चिंतामणराव देशमुखांना 1,12,769. कोणीच कोटा गाठला नाही. मग तळापासून एकेक उमेदवार वगळत त्यांच्या पत्रिकांवरच्या पुढच्या पसंती वाटत गेले. शेवटी देशमुखही वगळले गेले. सगळे वाटप झाल्यावर गिरी 4,20,077 आणि रेड्डी 4,05,427. वजाबाकी करून पाहा. वाटपातून रेड्डींना 91,879 मिळाले, गिरींना फक्त 18,562. पुढच्या पसंतींचा ओघ रेड्डींकडे इतका होता, तरी पहिल्या फेरीतली आघाडी गिरींना पुरली. आणखी 10,833 मूल्याच्या पत्रिका वाटेतच संपल्या, त्यांवर पुढची पसंतीच नव्हती. गिरी कोट्याच्या वर गेले ते 1,908 ने. ज्यांनी पुढचा आकडा लिहायचा कंटाळा केला, त्यांनी त्या शेवटच्या फेरीत मतच दिले नाही.

मतदान यंत्र इथे का नसते, याचे उत्तरही यातच आहे. आपल्या यंत्रात एक बटण दाबले की एक मत त्या नावापुढे जमा होते. क्रम नोंदवायची सोय त्यात नाही.

दुपारी वर्दळ ओसरली तेव्हा बाहेरच्या मार्गिकेत मतमूल्याचा विषय निघाला. विधान परिषदेच्या 78 सदस्यांना इथे मत नाही, मुख्यमंत्री परिषदेवरून आलेले असतील तर त्यांनाही नाही. राज्यसभेवर नियुक्त झालेल्यांनाही नाही. मत फक्त निवडून आलेल्या खासदारांना आणि विधानसभेच्या निवडून आलेल्या सदस्यांना, त्यांत दिल्ली आणि पुदुच्चेरीचेही आले. आमदाराच्या मताची किंमत काढायची रीत संविधानाच्या 55 व्या अनुच्छेदात आहे: राज्याची लोकसंख्या भागिले निवडून द्यायच्या आमदारांची संख्या, त्याला भागिले 1000, आणि बाकी 500 किंवा जास्त राहिली तर एक वाढवायचा. लोकसंख्या 1971 च्या जनगणनेची. महाराष्ट्राची तेव्हा 5,04,12,235 होती. तिला 288 ने भागले की 1,75,042 येतात, हजाराने भागले की 175. उत्तर प्रदेशात एका मताची किंमत 208. सिक्कीममध्ये भागाकार साडेसहाच्या किंचित वर येतो, म्हणून 7. एखादी जागा रिकामी असली तरी भाजक बदलत नाही, 175 ते 175 च राहतात.

1971 चा आकडा इतका जुना का, हा प्रश्न हमखास येतो. ज्या राज्यांनी लोकसंख्या आटोक्यात ठेवली त्यांचे वजन कमी होऊ नये म्हणून तो गोठवला आहे, आणि 2001 च्या 84 व्या घटनादुरुस्तीने ही मुदत 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत नेली. ही सोय मला न्याय्य वाटते. तिची किंमत कोण मोजतो, हेही नजरेआड करता येत नाही: पन्नास वर्षांत जिथे माणसे वाढली, तिथल्या माणसांमागे मताचे वजन कमी झाले.

खासदाराची किंमत वेगळ्या वाटेने येते. सगळ्या राज्यांच्या आमदारांच्या मतांची बेरीज घ्यायची आणि 776 खासदारांत वाटायची. 2017 ला ती बेरीज 5,49,495 होती, म्हणून खासदाराचे मत 708. 2022 ला जम्मू-काश्मीरची विधानसभाच अस्तित्वात नव्हती. तिथल्या 87 आमदारांची, दर मताला 72 प्रमाणे, 6,264 मते गळाली, बेरीज 5,43,231 झाली आणि खासदाराचे मत 700 वर आले. विधानसभा एका टोकाला बरखास्त होते आणि देशातल्या प्रत्येक खासदाराच्या मतातून आठ वजा होतात. अशी रिकामी जागा निवडणुकीला मात्र अडवत नाही. मतदारगणात, म्हणजे मत देणाऱ्या या सगळ्या सदस्यांत, जागा रिकामी आहे म्हणून निकालाला आव्हान देता येणार नाही, असे 71 व्या अनुच्छेदात स्पष्ट लिहिले आहे.

उमेदवारीची चाळणीही आकड्यांनीच कडक केली आहे. 50 सूचक आणि 50 अनुमोदक, सगळे याच मतदारगणातले, आणि 15,000 रुपये अनामत. 1997 पूर्वी दहा-दहा आणि 2,500 रुपये होते. कोट्याच्या एक षष्ठांश मते मिळाली नाहीत तर अनामत जप्त. अर्जासोबत स्वतःच्या मतदारसंघाच्या यादीतल्या नोंदीची प्रमाणित प्रत नसेल तर अर्ज फेटाळला जातो.

पाच वाजता दार बंद झाले. मग पेटीचे सील, न वापरलेल्या पत्रिका वेगळ्या, स्थळप्रती वेगळ्या, खुणा केलेली मतदारयादी वेगळी, पत्रिकांचा हिशेब लिहून त्यावर सह्या. दिलेल्या पत्रिका आणि यादीवरच्या खुणा यांचा मेळ बसला पाहिजे. आम्ही तो दोनदा घातला. उमेदवारांचे प्रतिनिधी समोर उभे होते. सकाळी रिकामी पेटी त्यांनीच उघडी पाहिली होती, संध्याकाळी बंद पेटीवरचे सील तपासायलाही तेच.

पेटीचा परतीचा प्रवास अनेकांना ठाऊक नाही. ती सामानात टाकत नाहीत. विमानात तिच्यासाठी वेगळे आसन असते, पहिल्या रांगेतले, आणि तिकीट 'मिस्टर बॅलट बॉक्स' या नावाने निघते. शेजारच्या आसनावर सहायक निवडणूक निर्णय अधिकारी. कारण उघड आहे: पेटी माणसाच्या नजरेआड एक मिनिटही गेली, तर त्या मिनिटाचे उत्तर नंतर कोणाला देता येत नाही.

मोजणी 21 जुलैला संसद भवनात झाली. आधी खासदारांची मते, मग इंग्रजी वर्णानुक्रमाने राज्ये. प्रत्येक पत्रिका वैध की बाद हे ठरवून उमेदवारनिहाय गठ्ठे लावायचे, गठ्ठ्यातली मते मोजून त्या राज्याच्या किमतीने गुणायचे. द्रौपदी मुर्मू यांना 2,824 मते, मूल्य 6,76,803. यशवंत सिन्हा यांना 1,877 मते, मूल्य 3,80,177. कोटा आधी ठरलेला नसतो, वैध मतांच्या मूल्यावरून त्याच दिवशी निघतो. 10,56,980 चे निम्मे अधिक एक, म्हणजे 5,28,491. बाद मत कोणाच्याच खात्यात जात नाही, ते कोटाच आपल्या मूल्याच्या निम्म्याने खाली आणते.

एकूण 4,754 मतदारांनी मत दिले होते. त्यांतली 53 मते बाद ठरली: 38 आमदारांची आणि 15 खासदारांची. नुसत्या त्या पंधरांचे मूल्य 10,500 होते. सिक्कीमच्या सगळ्या 32 आमदारांचे मिळून 224 होते.